नेढे गेले, बाजार उभा राहिला

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हिंदुस्थानातून आलेले एक पत्र छापले गेले. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिगत होती. तो इंग्रज फौजेत बैल हाकण्याचे काम करी. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. जवळपास वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती, आणि पत्र छापून आल्यावर युरोपातल्या शल्यचिकित्सकांनीही तिची दखल घेतली.

या हकिगतीतला एक तपशील सहसा मागे पडतो. त्या नाकाला एकही टाका नव्हता. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, चार दिवस त्याखेरीज दुसरे काही लावले नाही, आणि कातडी धरली. कावसजीचे नवे नाक सुईविना उभे राहिले.

सुई जखम सांधते, पण सांधताना स्वतःही एक जखम करते. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत शस्त्रक्रियेच्या सुईत जे बदल झाले, ते बहुतेक या दुसऱ्या जखमेशी झगडताना झाले. ती जखम जसजशी लहान होत गेली, तसतशी शस्त्रक्रिया शरीराच्या अधिक नाजूक भागांत शिरली. सुईचा व्यापारही तिच्याच मागोमाग वाढला.

सुईने जखम शिवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, तीन प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. कमी मांसाच्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई. मांसल भागासाठी तीन अंगुळे लांबीची, तीन धारांची सुई. मर्मस्थाने, वृषण आणि पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकवलेली सुई. तिन्हींचे टोक तीक्ष्ण हवे आणि गोलाई मालतीच्या फुलाच्या देठाच्या अग्राएवढी. टाका जखमेच्या काठापासून फार दूर घातला तर वेदना होते, फार जवळ घातला तर काठ फाटतो, हा इशाराही तिथेच आहे. फाटलेल्या आतड्याच्या बाबतीत ग्रंथाने वेगळी वाट सांगितली: काठ जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चाववायच्या आणि डोकी तशीच ठेवून धडे काढून टाकायची. गोल सुई आणि धारेची सुई हा भेद आजही प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, फक्त कोणती सुई कुठे वापरायची याचे नियम बदलले आहेत.

इतके ज्ञान असूनही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टाका हा जगभर धोक्याचा सौदा होता. सुई कपड्याला पुसून, धागा ओठांनी ओला करून ओवला जाई. टाक्याच्या प्रत्येक छिद्रातून पू येई आणि त्यातून रक्तात विष भिनून रोगी दगावे. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि शस्त्रक्रियेतली वेदना आटोक्यात आली. त्यामुळे शस्त्रक्रिया वाढल्या, त्यांबरोबर पुवाने होणारे मृत्यूही वाढले.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मॅरिअन सिम्स हे डॉक्टर याच काळात एका वेगळ्या टाक्याच्या शोधात होते. अवघड बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडले की त्या स्त्रीला जन्मभर लघवीची गळती सोसावी लागे. रेशमाच्या टाक्यांत पू होई आणि ते निसटत. १८४९ मध्ये सिम्स यांनी चांदीच्या तारेचे टाके घातले आणि ते टिकले. पण हे यश ज्यांच्या शरीरांवर मिळाले त्या गुलाम स्त्रिया होत्या. अनार्का, ल्युसी आणि बेट्सी ही त्यांच्यापैकी तिघींची नावे. त्यांना भूल दिली नव्हती, आणि नकार देण्याचा हक्क त्यांना कायद्यानेच नव्हता. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाल्या. टाक्याच्या इतिहासात सिम्स यांच्याआधी या स्त्रियांची नावे घ्यायला हवीत.

पुवाचे कोडे सुटले ते ग्लासगोत. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी पाय मोडलेल्या एका मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम न चिघळता भरून आली. पुढे त्यांनी धाग्याकडे लक्ष वळवले. मेंढीच्या आतड्यापासून काढलेले, वाद्यांच्या तारांसाठी वापरले जाणारे कॅटगट त्यांनी कार्बोलिकमध्ये मुरवले आणि त्याने एका वासराची रोहिणी बांधली. महिन्याभराने पाहिले तर पू नव्हता, आणि धाग्याच्या जागी जिवंत ऊती भरत आली होती. १८६९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. शरीरात ठेवून देता येईल, आपोआप विरघळेल असा धागा आता सर्जनांच्या हाती आला. धागा आणि सुई जंतुमुक्त हवी हे मान्य होताच ती तयार करून विकणाऱ्यांसाठी जागा निर्माण झाली. १८८६ साली न्यू जर्सीत सुरू झालेल्या जॉन्सन अँड जॉन्सनने अल्पावधीत निर्जंतुक धागे बनवायला घेतले. जर्मनीत मेलसुंगनच्या ब्राउन कंपनीने १९०८ पासून निर्जंतुक कॅटगटचे कारखानदारी उत्पादन सुरू केले.

सुई मात्र अजून शिवणकामाच्या सुईचीच बहीण होती, आणि दोघींचे माहेर एकच होते. इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यातल्या रेडिच गावात आणि आसपासच्या खेड्यांत जगातल्या बहुतेक सुया घडत. पोलादी तार सरळ करायची, दोन सुयांच्या लांबीचे तुकडे पाडायचे, दोन्ही टोकांना धार लावायची, मध्ये नेढी ठोकायची, मग तुकडा मोडून दोन सुया करायच्या, कडक करायच्या, पाणचक्कीवर दिवसेंदिवस घासून चकचकीत करायच्या, अशी कामाची साखळी होती. सर्जनची वाकडी सुईही याच हातांतून जाई. धार लावणारा कामगार कोरड्या दगडावर एकाच वेळी मूठभर तारा फिरवी. दगडाची आणि पोलादाची भुकटी त्याच्या छातीत जाई. त्याला मजुरी इतरांपेक्षा जास्त मिळे, पण यांतले कित्येक जण तिशी-पस्तिशीतच छातीच्या रोगाने मरत. रुग्णाला कमीत कमी इजा करणारी सुई घडवणाऱ्याचा जीव घेत होती.

या सुईची पुढची परीक्षा रक्तवाहिनीवर झाली. २४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिआँ शहरात बग्गीतून चालले असताना एका इटालियन अराजकवाद्याने त्यांच्या पोटात खंजीर खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी नीला फाटली होती. शहरातले नामवंत सर्जन हजर होते, पण फाटलेली रक्तवाहिनी शिवायची कशी हे कोणालाच ठाऊक नव्हते. मध्यरात्रीनंतर कार्नो यांचा मृत्यू झाला. लिआँमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाच्या मनाने घेतले की रक्तवाहिनी शिवता आलीच पाहिजे.

लिआँ हे रेशमाचे आणि भरतकामाचे शहर. कारेल मादाम लेरुदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकायला गेले. अगदी बारीक सुई आणि तलम रेशीम हाताळायची सवय त्यांनी तिथे हातांना लावून घेतली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडावर समान अंतराने तीन टाके घालून ते ताणायचे, म्हणजे वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडेवर टाके घालत जाता येते, ही त्यांची युक्ती. धाग्याला व्हॅसलीन लावल्यामुळे तो भिंतीतून अलगद सरके आणि त्यावर रक्त गोठत नसे. १९०२ मध्ये त्यांनी हे तंत्र प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत त्यांनी ते विकसित केले आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज मूत्रपिंडाचे रोपण होते किंवा हृदयाची बायपास होते, तेव्हा सर्जनचा हात कारेल यांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालतो.

कारेल यांच्या टाक्यांनी सुईचे दुखणेही उघडे पाडले. ते दुखणे नेढ्यात होते. सुईचा सर्वांत रुंद भाग नेढ्याचा, आणि त्यातून ओवलेला धागा दुपदरी. म्हणजे टोकाने पाडलेले बारीक छिद्र नेढे आणि दुहेरी धागा मागून येऊन मोठे करत. कातडीवर हे चालून जाई. आतड्यात अशा छिद्रातून मळ झिरपण्याची भीती असे, रक्तवाहिनीतून रक्त. शिवाय प्रत्येक सुई धुवायची, उकळायची, बोथट झाली की धार लावायची, जाडीप्रमाणे निवडून ठेवायची, शस्त्रक्रिया चालू असताना पुन्हा पुन्हा ओवायची. या कामात थिएटरच्या परिचारिकांचे तास जात. कार्बन पोलादाच्या सुया गंजत आणि कधी रुग्णाच्या शरीरातच मोडत.

उपाय स्कॉटलंडमधल्या एका औषधविक्रेत्याच्या कारखान्यातून आला. पहिल्या महायुद्धामुळे जर्मन कॅटगट ब्रिटनला मिळेनासे झाले, तेव्हा एडिंबराच्या जॉर्ज मर्सन यांनी ते स्वतः बनवायला घेतले. पुढे त्यांनी नेढेच काढून टाकले. सुईच्या मागच्या टोकाला पोकळी ठेवायची, धाग्याचे एकच टोक तिच्यात सरकवायचे आणि धातू दाबून ते पक्के धरायचे. धागा सुईमागून एकेरी जाऊ लागला आणि छिद्र सुईएवढेच राहू लागले. ‘मर्सूचर’ या नावाने हे टाके विकले गेले. याच काळात पोलादही बदलले. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी गंज न धरणारे पोलाद तयार केले होते. ते सुईला मिळाले तेव्हा ती बारीक असूनही टिकाऊ झाली.

मर्सन यांचा हा बदल रुग्णाच्या सोयीसाठी होता, पण त्याने व्यापाराचा पायाच बदलला. नेढ्याची सुई हे रुग्णालयाचे हत्यार होते. ती एकदा घ्यायची आणि महिनोन्महिने वापरायची. बिननेढ्याची सुई धाग्यासकट येते आणि धागा संपला की टाकून द्यावी लागते. त्यामुळे सुईची विक्री रुग्णालयांच्या संख्येवर न राहता शस्त्रक्रियांच्या संख्येवर अवलंबून राहू लागली. सुई आणि धागा वेगळे विकणारे मागे पडले. दोन्ही एकत्र, निर्जंतुक, पाकीटबंद देणारे पुढे गेले. १९४७ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने मर्सन यांची कंपनी विकत घेतली आणि एथिकॉन हे नाव पुढे आले. अमेरिकेतली डेव्हिस अँड गेक ही तिची मोठी स्पर्धक. ती या मालकाकडून त्या मालकाकडे जात शेवटी कोव्हिडिएनमध्ये आणि २०१५ मध्ये मेडट्रॉनिकमध्ये सामावली. बाजार मोजक्या हातांत एकवटत गेला, कारण पाकिटाचा खर्च सुईत कमी आणि निर्जंतुकीकरणात, तपासणीत व नोंदींत जास्त होता.

निर्जंतुकीकरणाचा प्रश्न अणुयुगाने सोडवला. कॅटगट पूर्वी द्रवात बुडवून काचेच्या नळीत बंद केलेले असे, ती नळी थिएटरमध्ये फोडावी लागे. किरणांनी बंद पाकिटातलाच टाका निर्जंतुक करता येऊ लागला आणि नळीचे कामच राहिले नाही. भारतात या तंत्राचा आरंभ मुंबईत झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, तुर्भ्याला ‘आयसोमेड’ हा प्रकल्प उभा केला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारा हा देशातला पहिला प्रकल्प. देशी उत्पादकांना परदेशी यंत्रणेवर न विसंबता निर्जंतुक माल देण्याची सोय त्यामुळे झाली.

दुसरीकडे सुई आणखी बारीक होत गेली. १९६० च्या सुमारास अमेरिकेत दीड मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवून दाखवण्यात आल्या. अडचण सुई-धाग्याची होती, कारण केसापेक्षा बारीक धाग्याला सुई जोडणार कशी? हॅरी बंकी या सर्जननी नायलॉनच्या धाग्याच्या टोकावर धातूचा थर चढवून त्याचीच सुई केली. १९६५ च्या जुलैमध्ये जपानमधल्या नारा शहरात कोमात्सु आणि तामाई या सर्जनांनी पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हा जोडला. जपानच्याच उत्सुनोमिया शहरातली मानी ही कंपनी पुढे अशा बारीक सुयांसाठी जगभर नावाजली. आज तिचे बरेचसे उत्पादन व्हिएतनाममध्ये होते. धागेही बदलले. प्राण्यांच्या आतड्याच्या कॅटगटची जागा १९७० नंतर ठरावीक दिवसांत विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्यांनी घेतली, आणि गोवंशातल्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने युरोपात कॅटगट जवळजवळ हद्दपार झाले.

महाराष्ट्राचे नाते इथे थेट लागते. एथिकॉनचे टाके छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तयार होतात. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडला सेंटेनियल ही देशी कंपनी टाके बनवते. १९९० च्या दशकात बंगळुरूत सुरू झालेली सूचर्स इंडिया आज हेल्थियम या नावाने देशातली मोठी उत्पादक आहे आणि तिचा माल अनेक देशांत जातो. सुई वाकवणे, टोकाला धार देणे, सिलिकॉनचा थर चढवणे ही कामे बहुतेक यंत्रे करतात. पण डोळ्याच्या शस्त्रक्रियेची सुई धाग्याला जोडायची असेल तर अजूनही सूक्ष्मदर्शकावर वाकलेला कुशल हात लागतो.

सुईचा बाजार आता आटेल, असे गेल्या शतकात वारंवार सांगितले गेले. १९०८ मध्येच बुडापेस्टला धातूच्या पिना मारून पोटातला भाग बंद करणारे, साडेतीन किलोंहून जड यंत्र वापरले गेले. पुढे सोव्हिएत आणि अमेरिकी तंत्रज्ञांनी ते हलके केले. कातडी चिकटवणारे गोंद आले, दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांत जखमाच लहान झाल्या. प्रत्येक वेळी सुईचे थोडे काम गेले, पण एकूण शस्त्रक्रिया त्याहून वेगाने वाढल्या. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. ही वाढ सगळीच गरजेपोटी झाली आहे का, याचे उत्तर वैद्यकीय व्यवसायाने द्यायला हवे, कारण सुईची विक्री वाढली म्हणजे समाजाचे आरोग्य सुधारले असा अर्थ होत नाही.

दुसऱ्या जखमेचा झगडा आता सर्जन आणि परिचारिका यांच्या बोटांपर्यंत आला आहे. एचआयव्ही आणि कावीळ यांच्या साथींनंतर थिएटरमध्ये बोटाला सुई टोचणे ही किरकोळ गोष्ट राहिली नाही. स्नायू आणि त्यावरचे आवरण शिवण्यासाठी बोथट टोकाची सुई वापरावी, असे अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यसंस्थांनी २०१२ मध्ये संयुक्तपणे सुचवले. अशी सुई ऊतीत शिरते, पण हातमोज्यातून सहजी आरपार जात नाही. ती आपल्या रुग्णालयांत नेहमीच्या वापरात यायला हवी.

भारतात वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. टाक्याचा जोड किती ओढ सोसतो, याची कसोटी औषधसंहितेने ठरवून दिलेली आहे. तरीही रुग्णालयाच्या निविदेत बहुतेक वेळा एकच रकाना निर्णायक ठरतो, तो दराचा. चार रुपये वाचवणारी सुई ऊतीत शिरताना वाकली, किंवा आतड्याच्या टाक्यात धागा सुईतून सुटला, तर ती किंमत रुग्णाला मोजावी लागते. खरेदी समितीने दराशेजारी टोकाची धार, वाकण्याचा प्रतिकार आणि जोडाची ताकद हे तीन रकाने भरून मागावेत आणि ज्या सर्जनांनी ती सुई वापरायची त्यांचे मत निर्णयात धरावे. वाळूजपासून मुरबाडपर्यंतच्या उत्पादकांनीही आपण दरावर नव्हे, या तीन रकान्यांवर स्पर्धा करू, असे ठरवावे. त्यातच त्यांचे दूरचे हित आहे.

या बाजाराच्या वाढीची खरी जागा आकडेच दाखवतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगात वर्षाला ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया होतात. त्यांतल्या फक्त ६ टक्के, जगाची एक तृतीयांश लोकसंख्या जिथे राहते त्या सर्वांत गरीब देशांत होतात. पाच अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. सुई बनवणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी आणि सरकारने या माणसांना आपला पुढचा बाजार मानावे, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारी सुई शहरातल्या महागड्या रुग्णालयातल्या सुईइतकीच चांगली असेल याची हमी द्यावी.